मुलांसह एका दिवसाची सहल: निघण्याआधीची तयारी

पुण्यातून सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल अशी ठिकाणे पुष्कळ आहेत, त्यामुळे तयारीतील पहिले काम म्हणजे त्यांतील बहुतेक ठिकाणे बाजूला सारणे. त्यासाठी घरातील सर्वांत धाकट्या मुलाला सलग किती चालवते आणि ते गाडीत किती वेळ न कंटाळता बसते, एवढ्या दोनच गोष्टी आधी प्रामाणिकपणे ठरवाव्यात. मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर सातारा रस्त्यावर नसरापूरजवळचे बनेश्वर पुरेसे आहे: देऊळ पेशवेकालीन, भोवती दाट झाडी, जवळच लहानसा धबधबा, आणि चालणे अगदी बेताचे. सहा वर्षांपुढच्या मुलांना सुमारे ३० किलोमीटरवरचा सिंहगड झेपतो, मात्र आतकरवाडीच्या पायवाटेने चढायचे असेल तर मुलांसह दोन तास हाताशी धरावेत. तेवढी उमेद नसेल तर गाडीने घाट चढून वरच्या वाहनतळापासून पुणे दरवाजाच्या पायऱ्या चढाव्यात, त्यात कमीपणा काही नाही. आजी-आजोबा बरोबर असतील आणि दिवस थंडीचे असतील, तर शिक्रापूरच्या बाजूची मोराची चिंचोली किंवा ओळखीच्या कोणाच्या शेतावरचा हुरडा यांच्याइतकी सोयीची सहल नाही. हुरडा लहान मुलांना बेतानेच द्यावा.

ठिकाण ठरले की ते त्या दिवशी उघडे आहे का, हे पाहावे. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, ही गोष्ट सारा जन्म पुण्यात काढूनही आम्हाला सुट्टीच्या एका बुधवारी फाटकाशी पोहोचल्यावर कळली. धाकटीने फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून ‘वाघ झोपलाय का?’ असे विचारले, आणि ती सहल रस्त्याकडेच्या रसवंतीत दोन ग्लास उसाच्या रसावर संपली. तेव्हापासून साप्ताहिक सुट्टी आणि तिकीट बंद होण्याची वेळ आम्ही आदल्या दिवशीच पाहून ठेवतो.

ज्यांच्याकडे गाडी नाही, किंवा असूनही घाटात मुलांना गाडी लागते, त्यांनी लोणावळा लोकलचा विचार अवश्य करावा. शिवाजीनगरला बसून मळवलीला उतरले की एका अंगाला भाजे आणि दुसऱ्या अंगाला कार्ले, अशी दोन्ही लेणी एकाच स्थानकावरून होतात. मात्र लहान मुलांसह एका दिवसात एकच निवडावे. भाज्याला चालत जाता येते, कार्ल्याच्या पायथ्यापर्यंत रिक्षा करावी. कार्ल्याला पायऱ्या बऱ्याच आहेत आणि एकवीरेच्या दर्शनाची गर्दी त्याच वाटेवर असते, म्हणून रविवार टाळावा किंवा सकाळी लवकर पोहोचावे. चैत्यगृहात शिरण्यापूर्वी मुलांना एकच गोष्ट सांगून ठेवावी, की वर छताला दिसणाऱ्या कमानी दगडाच्या नसून लाकडाच्या आहेत आणि ते लाकूड दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. मग ती मान वर करून खरोखर पाहतात, नाहीतर आवाज घुमतो एवढेच त्यांच्या लक्षात राहते. पुरातत्त्व खात्याच्या या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. परतीच्या लोकलची वेळ मात्र जातानाच टिपून घ्यावी, कारण दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात आणि स्थानकावर काढलेला दीड तास मुलांना लेण्यांपेक्षा मोठा वाटतो.

हिवाळ्यात पाखरे पाहायला भिगवणला जायचे असल्यास तयारी वेगळी करावी लागते. उजनीच्या फुगवट्यावरचे हे ठिकाण सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि रोहित पक्षी सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांतच नीट दिसतात, म्हणजे पहाटे पाचच्या आत निघणे आले. मुलांना रात्री स्वेटर घालूनच झोपवावे आणि झोपेतच गाडीत ठेवावे, हा उपाय आम्हाला सर्वांत कमी रडारडीचा ठरला आहे. नाववाल्याशी आदल्या दिवशी फोनवर बोलताना मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे स्पष्ट विचारावे; मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात ते अंगातून वर निसटते.

पावसाळ्यातील सहलीच्या तयारीत काय घ्यावे यापेक्षा कोठे जाऊ नये हे आधी ठरवावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून गेलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि त्यांत लहान मुले होती. आपण उभे असतो तेथे पाऊस नसला तरी वर डोंगरात पडलेले पाणी काही मिनिटांत खाली येते, आणि ओढ्याच्या मधल्या खडकावरून परत फिरायला तेवढी मिनिटे पुरत नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात वाहत्या पाण्यात मुलांना उतरू द्यायचे नाही, हे घरातून निघतानाच सर्वांनी, विशेषतः उत्साही काका-मामांनी, कबूल करून घ्यावे. त्या दिवसांत धोकादायक ठिकाणी प्रशासनाची बंदीही असते. ती लागू आहे का, हे आदल्या संध्याकाळी पाहावे.

आता पिशवी. एक मोठी पिशवी गाडीत राहील आणि एक लहान पिशवी पाठीवर राहील, अशी विभागणी करावी. पाठीवरच्या पिशवीत पाणी, ओला रुमाल, कोरडा पंचा, टोप्या, कागदी साबण, तापाचे आणि उलटीचे औषध, चिकटपट्ट्या आणि ओआरएसची दोन पाकिटे असावीत. औषधांचे प्रमाण मुलाच्या डॉक्टरांना विचारून पाकिटावरच पेनने लिहून ठेवावे, आणि ओआरएस पाकिटावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे; अर्ध्या पेल्यात सगळे पाकीट ओतणे धोक्याचे असते. घाटात गाडी लागण्याचे एक मोठे कारण म्हणजे हातातला मोबाइल: डोळ्यांना पडदा स्थिर दिसतो, कानाला वळणे जाणवतात, आणि दोहोंचा मेळ बसत नाही. तो घाटाआधीच काढून घ्यावा, काच थोडी खाली करावी आणि जिभेवर आवळासुपारी द्यावी. निघताना पोटभर दूध पाजण्याचा आग्रह आजीने धरला तरी तो त्या एका दिवशी मोडावा. मोठ्या पिशवीत प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक पूर्ण जोड, मोजे धरून, आणि ओल्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी ठेवावी.

डब्यात दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि सुकी चटणी हेच अजून सर्वांत भरवशाचे आहे, कारण ते दिवसभर टिकते आणि हाताने खाता येते. सिंहगडावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि गाडग्यातले दही मिळते, तेव्हा तेथे डबा हलका न्यावा. पण खाऊची कुरकुरीत पिशवी गडावर उघड्यावर काढू नये. आमच्या थोरल्याने पुणे दरवाजाच्या अलीकडे भडंगाची पिशवी नुसती चुरचुरवली, तोच बुरुजावरचे माकड खाली उतरले, त्याने पिशवी दोन बोटांनी, जवळजवळ सभ्यपणे, काढून घेतली आणि समोर बसूनच ती फोडली. खाऊ झाकणाच्या डब्यात न्यावा आणि माकडाने ओढलाच तर सोडून द्यावा. कड्यांना आग्यामोहोळ लटकलेले असते, त्यामुळे मुलांना गडावर अत्तर लावून नेऊ नये, दगड मारू देऊ नये, आणि कोणी धूर करीत असेल तर तेथून लगेच दूर व्हावे.

रविवारी सिंहगडाचा वरचा वाहनतळ लवकर भरतो आणि मग पायथ्याच्या नाक्यावर गाड्या थांबवून ठेवतात, म्हणून सकाळी सातपर्यंत घाट चढलेला असावा. डोंगरात मोबाइलला कधी रेंज मिळते, कधी नाही, तेव्हा शंभराच्या आतल्या सुट्या नोटा जवळ असाव्यात. प्रत्येक मुलाच्या खिशात आई-बाबांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि ‘हरवलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा’ हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यावे.

परत आल्यावर कितीही दमणूक झाली असली तरी मोठी पिशवी त्याच रात्री रिकामी करावी आणि औषधांत जे संपले असेल ते लिहून ठेवावे. मागच्या पावसाळ्यात आम्ही ती तशीच माळ्यावर ठेवली आणि मोज्यांचा पत्ता आम्हाला गणपतीच्या मखरासाठी माळा उघडला तेव्हा वासावरून लागला.