कुंडीतली रसभरी की रानपोपटी? उपटण्याआधी पाहा

इंदुरात पावसाळ्यात गच्चीवरच्या कुंड्यांत रसभरीच्या (केप गूजबेरीच्या) रोपांशेजारी रानपोपटी हे तण आपोआप उगवतं. दोन्ही एकाच कुळातल्या, त्यामुळे तण समजून नेमकं चांगलं रोप उपटलं जातं.

१. पान बोटांत धरा. रसभरीचं पान हृदयाच्या आकाराचं, दाट लवेमुळे मखमलीसारखं लागतं. रानपोपटीचं पातळ असतं, लव जेमतेम किंवा नसतेच.

२. तरीही शंका राहिली तर फुलापर्यंत थांबा. घाई करू नका, खरी ओळख इथेच पटते. रसभरीचं पिवळं फूल मोठं, आत पाच ठसठशीत जांभळट-तपकिरी डाग. रानपोपटीचं फूल बारीक, फिकट. डाग असलेच तर पुसट.

३. फळ: रसभरी पिकली की नारिंगी, रानपोपटी लहान आणि हिरवट-पिवळी.

तोडणीची घाईही नको. पिकलेली रसभरी भोवतीच्या कागदी टरफलासकट आपणच खाली पडते, ती वेचावी. टरफल न काढता ठेवली तर कितीतरी दिवस टिकते.

मुलांना आवर्जून सांगा: दोन्हींची हिरवी, कच्ची फळं, पानं आणि टरफलं विषारी असतात, तोंडात घालायची नाहीत.