गावात भोंग्याची चाचणी घेताय? या चुका टाळा

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी राहतो. 2019 चा महापूर गावात राहून बघितला, 2021 चाही. त्यानंतर आमच्या भागातल्या बऱ्याच गावांत धोक्याचे भोंगे बसले. कुठे ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, कुठे देवळाजवळच्या खांबावर. या भोंग्यांची चाचणी ठरली की मदतीला मी जातो. दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता जीव वैतागलाय. भोंगा व्यवस्थित वाजतो, गाव गोंधळतं, आणि "वाजला ना? झालं तर मग" म्हणत मंडळी वहीत सही करून घरी जातात. भोंगा वाजतो की नाही हे बघायला एक वायरमन पुरतो. गाव गोळा करायचं ते आवाज कानावर पडल्यावर माणसं काय करतात हे कळावं म्हणून.

"उद्या चाचणी आहे" असा मेसेज टाकणं

सगळ्यात जास्त घात "उद्या" या एका शब्दानं केलाय.

2024 च्या मार्चमधली गोष्ट. शेजारच्या एका गावात शनिवारी सकाळी 11 वाजता चाचणी ठरली. शुक्रवारी संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला: "उद्या 11 वाजता सायरनची चाचणी आहे, कोणी घाबरू नये." तारीख नाही, वार नाही. तो मेसेज रात्रभर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरला. ज्यांनी शनिवारी सकाळी वाचला त्यांनी चाचणी रविवारी धरली. ज्यांच्याकडे तसला फोनच नाही त्यांना काहीच कळलं नाही.

11 वाजता भोंगा झाला. मी शाळेच्या चढावर उभा होतो. नदीकडच्या गल्लीतून एक आजी येताना दिसल्या. सत्तरीच्या पुढच्या, पायात चप्पल नाही. एका हातात म्हशीचं दावं, दुसऱ्या काखेत पत्र्याचा डबा. डब्यात रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक. 2019 ला सगळे कागद भिजले, तेव्हापासून डबा कोनाड्यातच असतो, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. उन्हानं डांबर तापलेलं. धापा टाकत त्यांनी विचारलं, "पाणी कुठवर आलंय रं बाबा?"

मागं नदी तळाला गेलेली, वाळू उघडी पडलेली. पण आजींनी मागं वळून बघितलंच नव्हतं. भोंगा झाला की म्हैस सोडायची, डबा घ्यायचा, शाळा गाठायची, एवढंच त्यांना शिकवलं होतं आणि तेवढं त्यांनी चोख केलं. कट्ट्यावरची पोरं हसली. एकानं व्हिडिओ काढला. आजी शाळेच्या पायरीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि नंतर कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

त्याच साली जुलैत पंचगंगेनं कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. खरा भोंगा झाला. या वेळी आजी घराबाहेर आल्या नाहीत. पुतण्या आणायला गेला तर म्हणाल्या, "परत हसतील." त्यानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

तेव्हापासून मी चाचणीच्या सूचनेत "आज", "उद्या", "परवा" हे शब्द येऊ देत नाही. तारीख, वार, वेळ, किती मिनिटं वाजणार, आणि पहिल्याच ओळीत "ही फक्त चाचणी आहे". व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, पण त्याच्यावर विसंबू नका. आमच्याकडे सगळं गाव सकाळ-संध्याकाळ एका ठिकाणी हमखास येतं, ते म्हणजे दूध संस्था. तिथं तीन दिवस आधीपासून दोन्ही वेळेला माईकवर सांगायचं आणि फळ्यावर लिहायचं. कोतवालाकडून दवंडी द्यायची. शाळेतल्या पोरांच्या वहीत दोन ओळी लिहून द्यायच्या, ती घरी आजी-आजोबांना वाचून दाखवतात. ऊसतोड सुरू असेल तर बीडकडच्या मजुरांच्या टोळ्यांच्या खोपटांवर स्वतः जायचं. त्यांना ना पूर माहीत, ना भोंगा, आणि गावच्या ग्रुपमध्ये त्यांना कुणी घेतलेलं नसतं. एवढं करायला चार दिवस लागतात. "एक मेसेज टाकला की झालं" म्हणणाऱ्यांनी चाचणी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पळालेल्या माणसाला हसणं

वरच्याच गोष्टीतली ही दुसरी चूक, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी. भोंगा ऐकून जो पळाला तो चाचणीत पास झाला. जो कट्ट्यावर बसून राहिला त्याच्याशी बोलायची गरज आहे. चाचणी संपली की त्याच दिवशी मी अशा माणसाच्या घरी जातो, चहा घेतो, "बरोबर केलंत, पुढच्या वेळीही असंच करा" असं घरच्यांसमोर सांगतो. व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना पुढच्या चाचणीत कामाला लावायचं: गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेपर्यंत आणायची जबाबदारी त्यांची. पोरं वाईट नसतात, त्यांना काम दिलेलं नसतं.

एकाच भोंग्याला दहा कामं

आमच्या पट्ट्यात साखर कारखान्याचा पाळीचा भोंगा लहानपणापासून कानात बसलाय. त्याच्या वेळेला चाचणी घेतली तर अर्धं गाव घड्याळ लावतं आणि परत कामाला लागतं. कारखान्याच्या वेळा आधी विचारून घ्या.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, कडेगाव तालुक्यात. तिथं संध्याकाळी 7 ला भोंगा होतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद ठेवून पोरं अभ्यासाला बसतात. फार चांगला उपक्रम. पण तो बघून एका पूरग्रस्त गावानं पुराचाच भोंगा रोज संध्याकाळी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा मी हात जोडले. रोज ऐकलेला आवाज रात्री 2 वाजता कुणाला उठवणार? अभ्यासासाठी देवळाची घंटा घ्या, माईक घ्या, दुसरा कुठलाही आवाज घ्या. धोक्याचा भोंगा वर्षातून एकदा चाचणीला आणि खऱ्या धोक्याला, एवढाच.

केंद्र सरकारलाही हे सांगावं लागलं होतं. मे 2025 मध्ये बातम्यांच्या चॅनलवर उठसूट सायरनचा आवाज लावला जात होता. तेव्हा नागरी संरक्षण विभागानं चॅनलना तो वापरू नका असं कळवलं, कारण अशानं लोकांना त्याचं गांभीर्य उरत नाही. वरातीत डीजेवर सायरन लावणाऱ्यांना आपल्या गावात आपणच सांगायला हवं.

आवाजाचा अर्थही एकच ठेवा. नागरी संरक्षणाची जुनी पद्धत सोपी आहे: वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. तीच घ्या. "तीन वेळा म्हणजे इशारा, पाच वेळा म्हणजे स्थलांतर" असले हिशोब कागदावर छान दिसतात. पावसात, झोपेतून उठून, कुणी मोजत बसत नाही. आणि शेवटचा एकसुरी भोंगा विसरू नका. तो न वाजवल्यामुळे एका गावात लोक दुपारी 3 पर्यंत शाळेत बसून होते. जेवण नाही, पोरं रडतायत, आणि चाचणी घेणारे केव्हाच तालुक्याला गेलेले.

अचानक चाचणी

नवीन निवडून आलेल्या मंडळींची ही आवडती कल्पना. "न सांगता वाजवू, म्हणजे खरं काय ते कळेल." यातून कळत काही नाही. माणसं गाड्या काढतात, फोन लागेनासे होतात, एखाद्याला छातीत दुखायला लागतं, आणि पुढच्या खऱ्या भोंग्याला सगळे म्हणतात, असाच वाजवला असेल. 7 मे 2025 ला दुपारी 4 वाजता देशभर ऑपरेशन अभ्यास नावाच्या नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या, महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूरसह 16 ठिकाणी. आदल्या दोन दिवसांत टीव्हीवर, पेपरात सगळं छापून आलं होतं. आमचा जिल्हा त्या यादीत नव्हता, तरी दिवसभर मला फोन येत होते: "आपल्याकडं कधी वाजणार? पोरांना शाळेतून आणू का?" सांगून-सवरून घेतलेल्या चाचणीला ही गत, तर न सांगता वाजवल्यावर काय होईल?

मी दिवस ठरवून ठेवलाय. मृग नक्षत्र लागायच्या आधीचा रविवार. बाजाराचा दिवस नको, लग्नाची मोठी तिथ नको. नेदरलँड्समध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी 12 ला भोंगे वाजतात आणि लहान पोरालाही ते ठाऊक असतं. आपल्याला दर महिन्याची गरज नाही, पण दिवस पक्का हवा.

नेहमी सकाळी 11 लाच घेणं

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. त्यांना दिवस-रात्र सारखीच. आणि आपण चाचणी घेतो ती कोरड्या हवेत, पुरुष रानात आणि पोरं खेळायला गेलेली असताना. निदान दोन वर्षांतून एकदा अंधार पडल्यावर, सगळे घरी असताना घ्या. दारं-खिडक्या बंद, टीव्ही चालू असलेल्या घरात बसून आवाज येतो का ते बघा. पत्र्याच्या घरात पाऊस सुरू झाला की शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही. गावाच्या टोकाला पाच माणसं फोन घेऊन उभी करा. ज्या वस्तीत आवाज पोचला नाही तिथं हाताने फिरवायचा सायरन ठेवा. तो स्वस्तही आहे आणि बिघडतही नाही.

बोर्डाची लाईट असताना तपासणं

पूर आला की बोर्ड पहिल्यांदा लाईट बंद करतं. मेन स्विच पाडून, फक्त बॅटरीवर वाजवून बघा. कर्ण्यात गांधीलमाशीचं पोळं आहे का तेही बघा, दोनदा सापडलंय.

तक्रार आली म्हणून आवाज कमी करणं

तान्हं बाळ दचकलं, म्हातारे बाबा घाबरले, कुत्री रात्रभर भुंकली. तक्रारी खऱ्या आहेत, ऐकून घ्या. बाळंतिणीच्या घरी आदल्या दिवशी जाऊन सांगून या. पण कर्ण्याचं तोंड फिरवू नका. एका गावात ते शेताकडं फिरवलेलं मला पुढच्या पावसाळ्यात सापडलं.

भोंगा वाजवला पण पुढचं नाही सांगितलं

राजाराम बंधाऱ्याला इशारा 39 फुटांवर, सांगलीत आयर्विन पुलाला 40 वर. हे आकडे बातम्यांत येतात, पण गल्लीतल्या माणसाला आपल्या दाराशी पाणी कधी येणार ते हवं असतं. पाराची कितवी पायरी, कोणत्या घराचा उंबरा, याच्याशी भोंगा जोडा आणि चाचणीच्या दिवशी ती खूण रंगवून घ्या.

किल्ली

भोंग्याच्या खोलीला कुलूप, किल्ली ग्रामसेवकांकडे, ग्रामसेवक राहायला जयसिंगपुरात, आणि मधल्या रस्त्यावर पाणी. तीन किल्ल्या करा: एक सरपंचांकडे, एक कोतवालाकडे, एक खोलीच्या अगदी शेजारच्या घरात. मे महिन्यात तिन्ही घरी जाऊन किल्ली हातात घेऊन बघा, आणि त्याच किल्लीनं कुलूप उघडून बघा.