ऑनलाइन पाठ सर्वांपर्यंत पोहोचावा यासाठी: सुरुवात मजकुरापासून

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेले फळ्याचे छायाचित्र किंवा स्कॅन केलेली पीडीएफ डोळस विद्यार्थ्याला पुरते. अंध विद्यार्थ्याच्या मोबाइलमधील स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला, मात्र ते केवळ चित्र असते आणि त्यातील अक्षरे त्याला बहुधा नीट वाचून दाखवता येत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. एकट्या शिक्षकाने प्रत्येकासाठी निराळा पाठ तयार करावा, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे आणि तशी गरजही नाही. पाठ नीट टंकलिखित केलेला असेल, तर त्याच फाइलमधून एकाला आवाज, दुसऱ्याला मोठी अक्षरे आणि तिसऱ्याला ब्रेल मिळू शकते. म्हणून कामाला तेथूनच प्रारंभ करावा.

हा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षर संगणकाला देवनागरी म्हणूनच ओळखता येते अशा प्रमाणित पद्धतीत, असावा. आपल्याकडील जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे पुष्कळदा श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हेच असतात आणि स्क्रीन रीडर तीच उच्चारतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: फाइलमधील एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवावा, तेथे निरर्थक रोमन अक्षरे उमटली, तर फॉन्ट जुना आहे. अशी फाइल रूपांतरक वापरून युनिकोडमध्ये आणता येते, परंतु रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात, त्यामुळे एकदा नजरेखालून घालावी. पीडीएफमधील देवनागरीची जोडाक्षरे वाचताना तुटण्याची शक्यता असल्याने पीडीएफबरोबर वर्डची मूळ फाइलही द्यावी.

त्या फाइलमध्ये शीर्षक केवळ ठळक करून भागत नाही. वर्डमधील ‘हेडिंग’ शैली वापरली, म्हणजे ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला हव्या त्या भागावर थेट उडी घेता येते. एरवी त्याला संपूर्ण धडा पहिल्यापासून ऐकत बसावे लागते. दुव्याला ‘येथे क्लिक करा’ असे नाव न देता ‘अपूर्णांकांचा सराव’ असे नेमके नाव द्यावे. चित्राचे पर्यायी वर्णन, म्हणजे स्क्रीन रीडर चित्राऐवजी वाचतो तो मजकूर, लिहिताना त्या चित्रातून काय शिकवायचे आहे, तेवढेच लिहावे. नदीच्या नकाशाला ‘नकाशा’ म्हणून सोडून देण्याऐवजी ‘गोदावरीचा प्रवाह: पैठणजवळ जायकवाडी धरण, पुढे नांदेड शहर, त्यानंतर तेलंगणात प्रवेश’ असे लिहिले, तर प्रश्नाचे उत्तर देण्याइतकी माहिती हाती येते. जिल्हे केवळ रंगांनी वेगळे दाखवू नयेत, कारण रंगांधळ्या विद्यार्थ्याला ते एकच दिसू शकतात. प्रत्येक जिल्ह्यावर नाव असावे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा, असे डब्ल्यूसीएजी या वेब मजकुराच्या सुलभतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांच्या ‘एए’ पातळीचे नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठीचे प्रमाण आहे. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरे लिहिण्याची हौस त्यात बसत नाही.

व्हिडिओत ‘हे इथे बघा’ असे म्हणण्याऐवजी ‘समीकरणाच्या उजव्या बाजूचा क्ष बघा’ असे म्हणावे. आपोआप तयार झालेली उपशीर्षके, विशेषतः पारिभाषिक शब्द आणि आकडे, स्वतः तपासावीत. तरीही उपशीर्षके दिली म्हणजे कर्णबधिर विद्यार्थ्यांचे काम झाले, असे समजणे घाईचे ठरेल. जन्मतः ऐकू न येणाऱ्या अनेक मुलांना लिखित मराठी ही नंतर शिकलेली भाषा असते, आणि त्यांना भारतीय सांकेतिक भाषेतील स्पष्टीकरण लागते. दुभाषी मिळाल्यास त्याचे हात आणि चेहरा स्पष्ट दिसेल एवढी जागा चौकटीत राखून ठेवावी. दुभाषी नसेल, तर शिक्षकाने निदान चेहरा उजेडात ठेवावा, म्हणजे ओठांची हालचाल दिसते.

आपल्या भागात आणखी एक अडथळा आहे, ज्याची नोंद कोणत्याही दिव्यांग प्रमाणपत्रावर होत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि मुले आईवडिलांबरोबर कोप्यांवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. घरातला एकुलता मोबाइल दिवसा वडिलांबरोबर फडात असतो. अशा मुलांसाठी सकाळी दहाचा थेट तास निरुपयोगी आहे. तोच पाठ ध्वनिमुद्रित करावा. ३२ केबीपीएसने साठवलेले १० मिनिटांचे ध्वनिमुद्रण सुमारे २.४ एमबी होते आणि एकदा उतरवून घेतले, की रेंज नसतानाही ऐकता येते. अंध विद्यार्थ्यालाही तेच उपयोगी पडते.

चाचणीला घड्याळ लावलेच, तर ते प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळे वाढवता येते का, हे आधी पाहावे. लेखी परीक्षांसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत पात्र दिव्यांग परीक्षार्थींना तासामागे किमान २० मिनिटे भरपाई वेळ सांगितला आहे. ऑनलाइन चाचणीतही तेच प्रमाण धरावे. चित्रे ओढून जोड्या लावण्याचे प्रश्न अनेकदा स्क्रीन रीडरने सोडवता येत नाहीत, तेव्हा पर्याय निवडण्याचा साधा प्रश्न द्यावा.

पाठ पाठवण्यापूर्वी आपल्याच अँड्रॉइड मोबाइलमधील टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सेटिंग्जमधून सुरू करावा, पडदा झाकावा आणि पाठ उघडून पहिल्या प्रश्नापर्यंत पोहोचून पाहावे. टॉकबॅक चालू असताना एका स्पर्शाने घटक निवडला जातो आणि दोनदा टकटक केल्यावर तो उघडतो, हे आधी ठाऊक असावे. नाहीतर मोबाइल बिघडल्याची शंका येते. संगणकावर हीच तपासणी एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरने होते. जेथे आपण अडखळलो तो भाग दुरुस्त करावा आणि वर्गात दिव्यांग विद्यार्थी असेल, तर पहिली प्रत त्याला किंवा तिला पाठवून कोठे अडले ते विचारावे.