हॅकेथॉनसाठी ब्लॉकचेनचा डेटा: वर्गणीच्या हिशोबावर पहिला सबग्राफ

सिमरोलचं आयआयटी असो की पार्क रोडचं इंजिनिअरिंग कॉलेज, हॅकेथॉनला बसलेल्या आपल्या इंदूरच्या मुलांची गाडी ब्लॉकचेनच्या प्रकल्पात बहुधा एकाच जागी अडते. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे चेनवर चालणारा प्रोग्रॅम, लिहून होतं, चेनवर चढतं, आणि साठलेली माहिती पडद्यावर आणता आणता रात्र सरते. चेनमध्ये नोंद पक्की राहते, पण ‘रामबागेतून वर्गणीचे एकूण किती जमले?’ असं तिला थेट विचारता येत नाही. इथेरियम या ब्लॉकचेनवर दर १२ सेकंदांना नव्या ब्लॉकची, म्हणजे नोंदींच्या नव्या गठ्ठ्याची, पाळी येते, म्हणजे दिवसाला सुमारे ७,२०० ब्लॉक. दर वेळी ते चाळायचे, नाहीतर कोणीतरी आधीच चाळून नीट तक्ते लावून ठेवायचे. या दुसऱ्या कामाला इंडेक्सिंग म्हणतात, आणि त्यासाठी ‘द ग्राफ’ हे साधन मला विद्यार्थ्यांसाठी सगळ्यांत सोयीचं वाटतं. त्यावर आपण जो इंडेक्स बांधतो तो सबग्राफ.

उदाहरण गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचं घेऊ. हा हिशोब आपल्याकडे घरोघरी कळतो, त्यामुळे परीक्षकांना विषय समजावण्यात वेळ जाणार नाही.

१. आधी प्रश्न कागदावर लिहा

एक किंवा फार तर दोन. ‘कोणत्या गल्लीतून किती वर्गणी आली?’ आणि ‘माझी पावती हिशोबात धरली का?’ एवढे पुरेत. लॅपटॉप उघडण्याआधी हे ठरलं पाहिजे, कारण पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नांवरून ठरते.

२. कॉन्ट्रॅक्टमधून योग्य इव्हेंट सोडा

इव्हेंट म्हणजे कॉन्ट्रॅक्टने चेनवर सोडलेली नोंद. प्रत्येक पावतीला एक इव्हेंट: पावती क्रमांक, गल्ली, रक्कम. सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत साधारण इव्हेंटच्या तीनच घटकांना ‘इंडेक्स्ड’ (त्यावरून शोधता यावं अशी खूण) लावता येतं. गल्लीचं नाव स्ट्रिंग असेल तर त्याला ते लावू नका. लावलंत तर नावाऐवजी त्याचा फक्त हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा सांकेतिक आकडा) नोंदला जातो आणि ‘रामबाग’ हे अक्षर इव्हेंटमधून परत मिळत नाही. रक्कम पूर्ण रुपयांत किंवा पैशांत ठेवा. दशांश अपूर्णांक इथे वापरता येत नाहीत.

देणगीदाराचं नाव किंवा मोबाइल नंबर चेनवर घालू नका, हे मी आग्रहाने सांगतो. तिथून काही पुसता येत नाही. नंबरचा नुसता हॅश करूनही भागत नाही: दहा आकडी नंबर एकामागून एक तपासून संगणक तो शोधून काढतो. पावती क्रमांकावर काम भागतं. सगळं सेपोलिया या टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या चेनवर, करा, खऱ्या पैशांची गरजच नाही.

३. सबग्राफ बांधा

‘ग्राफ इनिट’ ही आज्ञा कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि एबीआय (कॉन्ट्रॅक्टमधली फंक्शनं आणि इव्हेंट यांची यादी) घेऊन सांगाडा तयार करून देते. त्यात तीन फाइली महत्त्वाच्या. स्कीमात तक्ते ठरतात: ‘पावती’ आणि ‘गल्ली’. मॅनिफेस्टमध्ये कोणत्या कॉन्ट्रॅक्टचा कोणता इव्हेंट ऐकायचा ते येतं. मॅपिंगमध्ये इव्हेंट आल्यावर काय करायचं ते लिहायचं: गल्लीची नोंद शोधा, नसेल तर शून्य रकमेची तयार करा, रक्कम मिळवा, जतन करा.

मॅनिफेस्टमधला ‘स्टार्ट ब्लॉक’ आवर्जून भरा. कॉन्ट्रॅक्ट ज्या ब्लॉकमध्ये चढलं तोच आकडा. तो नसेल तर वाचन चेनच्या अगदी आरंभापासून सुरू होतं आणि तुमची पावती येईपर्यंत ताटकळावं लागतं.

पावतीची ओळख व्यवहाराचा हॅश आणि लॉगचा (नोंदलेल्या इव्हेंटचा) क्रमांक जोडून बनवा. एकाच व्यवहारात पाच पावत्या फाडल्या तर नुसत्या हॅशवर त्या एकमेकींना पुसून टाकतील. मॅपिंगची भाषा असेंब्लीस्क्रिप्ट. ती टाइपस्क्रिप्टसारखी दिसते, पण तीत क्लोजर (बाहेरचं व्हेरिएबल वापरणारी आतली फंक्शनं) चालत नाहीत. साधा ‘फॉर’ लूप वापरा. सरासरी काढताना शून्याने भागाकार झाला तर सबग्राफ त्याच ब्लॉकवर थांबतो, म्हणून भागाकार पडदा दाखवणाऱ्या कोडमध्ये करा.

४. चढवा

‘द ग्राफ’च्या ‘सबग्राफ स्टुडिओ’त खातं उघडा, मग ‘ग्राफ कोडजेन’, ‘ग्राफ बिल्ड’, ‘ग्राफ डिप्लॉय’ याच क्रमाने. जुन्या व्हिडिओंमध्ये ‘होस्टेड सर्व्हिस’ दिसेल. ती जून २०२४ मध्ये बंद झाली, तिच्यामागे लागू नका. स्कीमा बदललात की सबग्राफ पुन्हा चढवावा लागतो आणि वाचनही नव्याने होतं. स्कीमा रात्रीच्या जेवणाआधी गोठवा.

५. क्वेरी लिहा आणि बेरीज तपासा

प्रश्न ग्राफक्यूएल या क्वेरीच्या भाषेत विचारायचा. आकडा सांगितला नाही तर १०० नोंदी मिळतात, एका वेळी जास्तीत जास्त १,०००. त्यापुढच्या नोंदींसाठी शेवटच्या नोंदीची ओळख धरून ‘तिच्यापेक्षा मोठ्या’ अशी मागणी करा. मंडळाच्या पावत्या हजारावर गेल्या आणि हे केलं नसेल, तर एकही चूक न दिसता बेरीज कमी येते.

दुसरा धोका असा, की बिगइंट (मोठे पूर्णांक) रकमा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून येतात. जावास्क्रिप्टमध्ये ५०१ आणि २५१ थेट मिळवले तर ७५२ ऐवजी ५०१२५१ मिळतं. आधी बिगइंटमध्ये बदला, मग बेरीज करा. गल्लीची एकूण रक्कम मॅपिंगमध्येच साठवली असेल तर बेरजेचे हे दोन्ही घोटाळे टळतात. मला तोच मार्ग पसंत आहे.

६. माहिती किती ताजी, ते दाखवा

प्रत्येक क्वेरीसोबत ‘मेटा’मधून सबग्राफने वाचलेला शेवटचा ब्लॉक मागवता येतो. तो पडद्याच्या कोपऱ्यात ठेवा, शेजारी चेनचा चालू ब्लॉक. चेनने शेवटचे काही ब्लॉक बदलले तर ग्राफ नोड (सबग्राफ चालवणारा प्रोग्रॅम) आपल्या नोंदीही मागे घेतो, म्हणून नुकतीच दिसलेली पावती क्वचित नाहीशी होऊ शकते. इथेरियमवर ब्लॉक अंतिम व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात. तोवर पावतीपुढे ‘नोंद होत आहे’ असं लिहा.

सादरीकरणाआधी चार-पाच गल्ल्यांच्या पन्नासेक पावत्या टेस्टनेटवर फाडून ठेवा आणि त्यांची बेरीज हाताने वहीत मांडा. मग परीक्षकांसमोर एक नवी पावती फाडा. ती पडद्यावर येईपर्यंतच्या वेळात त्यांना वही दाखवा, आणि क्वेरीचा मजकूरही उघडा ठेवा, म्हणजे ते स्वतः गल्लीचं नाव बदलून पाहतील.