पेडलबोर्डची गुणगुण आणि वीजपुरवठा
गिटारचा आवाज बदलणाऱ्या बहुतेक इफेक्ट पेडलना (ती एकत्र बसवलेली पाटी म्हणजे पेडलबोर्ड) ९ व्होल्ट डीसी वीज लागते आणि त्यांच्या जॅकचा मधला भाग ऋण असतो. तरीही अडॅप्टर जोडण्यापूर्वी पेडलवरील खूण वाचावीच, कारण उलट जोडणीने किंवा जास्त व्होल्टेजने पेडल जळू शकते. मिलिअँपिअरची क्षमता मात्र गरजेपेक्षा अधिक असली तरी चालते. एकाच अडॅप्टरवरून साखळीने अनेक पेडल चालवल्यास डिजिटल डिलेचा (प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलचा) चिरका आवाज ओव्हरड्राइव्हमध्ये (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमध्ये) शिरू शकतो, कारण सर्वांचे ग्राउंड, म्हणजे सर्किटचा समाईक शून्य-व्होल्ट बिंदू, विजेच्या तारेतून आणि पुन्हा ऑडिओ केबलच्या आवरणातूनही जोडले जाते. प्रत्येक आउटपुट इतरांपासून विद्युतदृष्ट्या विलग असलेला पुरवठा हाच यावरचा खरा उपाय आहे, आणि माझ्या मते तो नव्या पेडलच्याही आधी घ्यावा. जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरच्या अनेक फझ पेडलमध्ये (आवाज अतिशय फाटका करणाऱ्या पेडलमध्ये) ग्राउंड धन असते, तर इतर पेडलमध्ये ते ऋण असते. म्हणून असे पेडल साखळीत जोडल्यास शॉर्ट सर्किट होते. दोन अँप्लिफायर एकत्र वापरताना गुणगुण आली, तर एकाच्या सिग्नलमार्गात ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर (थेट विद्युत जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे नेणारे उपकरण) घालावा. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. तसे केल्यास अँप्लिफायरमध्ये बिघाड होताच २३० व्होल्टचा दाब थेट गिटारच्या तारांपर्यंत पोहोचू शकतो.