किती उड्डाणे रद्द होतील, याचा अंदाज वहीत कसा मांडावा

अमेरिकेतील अंदाज बाजारांत ‘आज इतक्यांहून अधिक उड्डाणे रद्द होतील का?’ अशा प्रश्नांचे करार विकले जातात. उत्तर ‘होय’ ठरले तर एका करारामागे एक डॉलर मिळतो, ‘नाही’ ठरले तर काहीच मिळत नाही. म्हणून करार ३० सेंटला मिळत असेल, तर बाजाराच्या मते ती शक्यता साधारण ३० टक्के असते. आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन सेवांवर बंदी घातली आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत बसून या बाजारात पैसे घालू नयेत आणि कोणी परदेशी खाते काढून देतो म्हणाला, तरी त्याचे ऐकू नये. अंदाज मांडण्याची कला मात्र वहीवर पूर्ण शिकता येते. मटक्यामुळे आपल्या भागात आकडा म्हणजे नशीब, अशी समजूत रुजली आहे. रद्द उड्डाणांच्या आकड्यामागे मात्र माणसांनी घेतलेले निर्णय असतात आणि त्यांतील बरेच आधीच जाहीर होतात.

प्रथम प्रश्नाची नियमावली शब्दशः वाचावी. आकडा कोणत्या संकेतस्थळाचा धरणार, त्यात केवळ देशांतर्गत उड्डाणे येतात की परदेशी जाणारीही, दिवस कोणत्या घड्याळाने मोजणार, हे कळल्याशिवाय अंदाजाला अर्थ नाही. न्यूयॉर्कचा दिवस आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी साडेदहाला, तर उन्हाळ्यात साडेनऊला सुरू होतो.

मग नेहमीचे प्रमाण पाहावे. अमेरिकेतील देशांतर्गत उड्डाणांपैकी २०२२ मध्ये सुमारे २.७ टक्के, तर २०२३ मध्ये सुमारे १.३ टक्के रद्द झाली. परंतु या सरासरीवर विसंबू नये, कारण बहुतेक दिवशी थोडीच उड्डाणे रद्द होतात आणि मोजक्या दिवशी हजारो. २०२२ च्या नाताळात एकट्या साउथवेस्ट एअरलाइन्सने सोळा हजारांहून अधिक उड्डाणे रद्द केली होती. म्हणून त्याच ऋतूतील मागील तीस दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लिहून मधला आकडा घ्यावा.

खरे काम यानंतरचे. मोठे हिमवादळ येणार असेल, तर विमाने आणि कर्मचारी भलत्याच ठिकाणी अडकू नयेत म्हणून कंपन्या आदल्या दिवशीच उड्डाणे रद्द करतात. हिवाळ्यात आपल्याकडे सायंकाळी साडेपाच वाजता न्यूयॉर्कमध्ये सकाळचे सात वाजलेले असतात. त्या वेळी आधीच रद्द झालेली उड्डाणे मोजली, तर निम्मा अंदाज हाती येतो. एकच विमान दिवसाला अनेक फेऱ्या करते आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा असते, त्यामुळे सकाळची रद्द फेरी दुपारच्या फेऱ्याही ओढून नेते आणि मोठ्या गोंधळाचा परिणाम दुसऱ्या दिवशीही उरतो. सरकारी आदेशही वाचावेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी खर्चाची मंजुरी अडल्यावर अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे ७ तारखेपासून ४ टक्क्यांनी कमी करायला लावली, आणि ते आधी जाहीर झालेले होते. आपल्याकडे वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यांचा ताण पडून ५ डिसेंबरला इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. माझ्या मते हवामानाच्या नकाशाइतकेच लक्ष अशा तारखांकडे द्यावे.

सराव सांबऱ्यापासून, म्हणजे बेळगावच्या विमानतळापासून, करावा. जुलैत ढग खाली उतरले असताना बेंगळूरुहून येणारे विमान निघाले आहे का, हे पाहून ‘रद्द होण्याची शक्यता २० टक्के’ असे दिवस उजाडताच लिहावे. विमान हुबळीला वळवले गेले, तर ते येणारे उड्डाण रद्द धरू नये. वळवलेल्या उड्डाणाची नोंद वेगळी असते.

आपल्या अंदाजांना गुण देण्यासाठी अमेरिकन हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांची १९५० ची रीत वापरावी; तिच्यात गुण जितके कमी, तितका अंदाज चांगला. घटना घडली तर १, न घडली तर ० धरून त्यातून आपली शक्यता वजा करावी आणि उत्तराचा वर्ग करावा. शक्यता ०.७ (म्हणजे ७० टक्के) लिहिली आणि उड्डाण रद्द झाले, तर ०.०९, झाले नाही, तर ०.४९. दररोज डोळे मिटून ०.५ लिहिणाऱ्याचे गुण नेहमी ०.२५ येतात, महिन्याची आपली सरासरी त्याहून कमी आली, तरच अमेरिकेच्या आकड्यांकडे वळावे.