तेराव्या वर्षी जबाबदारी: सिनेगॉगच्या मुलामुलींनी गावचं जुनं कब्रस्तान कसं सांभाळावं

बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, मुलाचा तेराव्या वर्षी बार मित्झवा (वयात आल्याचा विधी) झाला की तो सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळात, मिन्यानमध्ये मोजला जातो. मिन्यान म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष. नऊच जमले असतील तर त्या पोराची सगळे वाट बघत बसतात. पण त्याच सिनेगॉगची सभा भरली की त्याला आणि त्याच्या बहिणीला खुर्च्या मांडायला सांगतात. सेवेचं काम मुलांनी चालवावं असं खरंच वाटत असेल, तर आधी हे बदलायला हवं. काम कोणतं, कधी करायचं, खर्च किती, हे मुलांनी ठरवायचं. मोठ्यांनी गाडी, सही आणि सोबत द्यायची. सेवेला मिन्यान लागत नाही, त्यामुळे इथे मुलींनीही पुढे व्हावं.

काम निवडा

आपल्याकडे सेवेच्या वाटा जुन्याच आहेत. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाला, आपल्या आज्या 'दारफळणीचा सण' म्हणत आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' असे. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचं. पुरिमच्या सणाला निदान दोन गरजूंना काही द्यावंच लागतं. आजाऱ्याला भेटायला जाणं, म्हणजे बिक्कूर होलिम, हेही मित्झवाच, म्हणजे धर्माने सांगितलेलं कर्तव्य. यातलं काहीही निवडा, पण वर्षाला एकच मोठं काम घ्या.

मी इथे कब्रस्तानाचं काम सांगते, कारण ते मला सगळ्यात निकडीचं वाटतं. केहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर ही आडनावं ज्या गावांवरून आली, त्यातल्या कितीतरी गावांत आज ज्यू घर उरलेलं नाही. 1948 नंतर कुटुंबं इस्राएलला गेली, काही मुंबई-ठाण्याला आली. मागे कबरी राहिल्या, आणि त्यांवरची मराठी-हिब्रू अक्षरं दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजतात. मृताची सेवा ही 'हेसेद शेल एमेत', खरी माया, असं आपल्यात म्हणतात, कारण त्याची परतफेड व्हायची नसते.

परवानगी मागा, आणि पत्र मुलांनीच लिहावं

जागा कोणत्या सिनेगॉगच्या किंवा ट्रस्टच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. मग मुकादम (सिनेगॉगचे प्रमुख) किंवा सेक्रेटरींच्या नावे अर्ज लिहा: कोण येणार, किती वाजता, काय करणार, काय करणार नाही. गावच्या सरपंचांनाही आधी भेटा. आपण तिथे राहत नसताना गावकऱ्यांनीच ती जागा पाहिलेली असते, बऱ्याचदा राखलेलीही. प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या आणि दर पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा.

दिवस ठरवा

शनिवार, म्हणजे आपला शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, सोडूनच. कोकणात आपल्याला 'शनिवार तेली' म्हणायचे ते उगाच नाही. तेल गाळणाऱ्या पूर्वजांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, आपण फावडं खाली ठेवू. ज्यू कॅलेंडर पुढ्यात ठेवून सण आणि उपवासाचे दिवस वगळा, मग रविवार पक्का करा. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच जाऊ नका. गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि त्यात साप असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गवत कापायला दोन दिवस आधी गावातलाच माणूस लावा. त्याची मजुरी त्सदाका पेटीतून, म्हणजे दानपेटीतून, द्या आणि हिशेब मुलांनी ठेवावा. 'त्सदाका' हा शब्द न्याय या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, तेव्हा मजुरीत घासाघीस नको.

दगडाला हात लावण्याआधी

इथे माझ्या हातून चूक झाली आहे. पहिल्या खेपेला मी मुलांच्या हाती तारेचा ब्रश दिला. शेवाळ निघालं, आणि त्याबरोबर एका नावाची शेवटची दोन अक्षरंही गेली. ती परत येणार नाहीत. म्हणून सांगते: साधं पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. ॲसिड नको, साबण नको, खरवडणं नको. अक्षरं ठळक दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका. त्याऐवजी सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. ऊन वर आलं असेल तर एकाने बाजूने आरसा धरून दगडावर कवडसा पाडावा. पुसट झालेली कोरीव अक्षरंही वाचता येतात. कलंडलेला दगड स्वतः उभा करायला जाऊ नका, तो फार जड असतो. फोटो काढा, नोंद करा.

मुलांचे तीन गट करा. एक धुणारा, एक फोटो काढणारा, एक वहीत लिहिणारा. वहीत कबरीचा क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, तारीख, आणि दगडावर आहे तसाच मजकूर. शुद्धलेखन सुधारायचं नाही. जुन्या मराठीत 'ऱ्हस्व-दीर्घ' वेगळं असेल तर तसंच उतरवा.

हिब्रू साल काढणं मुलांना फार आवडतं. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, त्या आकड्यांची बेरीज करायची. हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो, त्यामुळे 684 आले तर साल 5684. त्यातून 3760 वजा केले की 1924. मृत्यू रोश हशाना (सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारं ज्यू नववर्ष) ते डिसेंबरअखेर झाला असेल तर एक वर्ष आणखी कमी, म्हणजे 1923.

रीत पाळा

कब्रस्तानात खाऊ नका. कबरींवर पाय देऊ नका. कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्यातला मुलगा आत जात नाही. त्याला फाटकाबाहेर वहीचं काम द्या, म्हणजे तो बाजूला पडणार नाही. निघताना कबरीवर छोटा दगड ठेवा. फाटकाशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवा, हात धुऊनच बाहेर पडायचं. डबा बाहेर येऊन खा; तो शाकाहारी असेल तर कश्रुतचा, म्हणजे ज्यू आहारनियमांचा, प्रश्न सहसा येत नाही.

परत आल्यावर

अर्धं काम इथे आहे, आणि बहुतेक गट इथेच सोडून देतात. पुढच्या पंधरा दिवसांत फोटो आणि वही जुळवून स्वच्छ यादी करा. एक प्रत सिनेगॉगला, एक प्रत इस्राएलमधल्या नातेवाइकांना. दिमोना, अश्दोद, लोद इथे घरात मराठी बोलणारे वडीलधारे आहेत, त्यांना मराठीतूनच पाठवा.

मग एका रविवारी मलिद्याला, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने होणाऱ्या आपल्या पोह्यांच्या प्रसादाला, ज्येष्ठांना बोलवा. पोहे भिजवणं, नारळ खोवणं मुलांनीच करावं. फोटो भिंतीवर मोठे करून दाखवा आणि गप्प बसा. कोणीतरी आजी पुढे वाकून म्हणेल, "अगं, ही तर आमच्या आत्याची सासू!" तेव्हा वही लिहिणाऱ्या मुलीने पेन घेऊन शेजारी बसावं. आजी बोलत असेतो लिहीत राहायचं. पुढल्या वर्षी कोणत्या गावाला जायचं, ते बहुधा त्याच पानावर सापडतं.